टाकी फुटल्यावर पाणी विचारू नका

प्रति,
गीझर बनवणाऱ्या कंपन्यांचे वॉरंटी विभाग,
आणि सोलापुरात त्यांचा माल विकणारे दुकानदार

स. न. वि. वि.

सोलापुरातून गीझरबद्दल पत्र आलंय म्हटल्यावर तुमच्या ऑफिसात कुणीतरी हसलं असेल. आमचं गावच तसं आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर हात भाजतो. तेव्हा गार पाणी कुठून आणायचं हीच विवंचना. गीझर लागतो तो दिवाळीनंतर, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा येऊन जाईपर्यंत, आणि पुढे पावसाळ्यात अधूनमधून. (तुमची वॉरंटी मात्र मे महिन्यातही संपत असते, गीझरचं बटण बंद असतानासुद्धा. हे आपलं सहज सांगितलं.) पण आमच्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे धरलेत, आणि पहाटेची अंघोळ त्यांनी आजवर चुकवलेली नाही. म्हणून गीझर.

२०२१ च्या धनत्रयोदशीला नवी पेठेतल्या एका दुकानातून आम्ही २५ लिटरचा गीझर घेतला. ९,८०० रुपये, पक्कं बिल. काउंटरवरच्या मुलानं मला तीन प्रश्न विचारले. घरात माणसं किती? पांढरा देऊ का आयव्हरी? आणि कार्ड कुठल्या बँकेचं आहे, म्हणजे कॅशबॅक बसतो का बघतो. मग म्हणाला, "मॅडम, पूर्ण मशिनला दोन वर्षं, आतल्या टाकीला पाच. पाच वर्षं बघायलाच नको." चौथ्या दिवशी तुमचाच माणूस येऊन गीझर बसवून गेला. ज्या भिंतीवर बसवला, तिच्याच शेजारी बोअरच्या मोटरचा स्टार्टर आहे, त्यावर मी खडूनं 'बोअर' असं लिहिलेलं आहे. त्यानं त्याच बोर्डातून लाइन घेतली. पाणी कुठलं वापरता, हे त्यानं विचारलं नाही, दुकानदारानंही नाही. मला मागून कळलं की अख्ख्या व्यवहारात महत्त्वाचा प्रश्न तेवढा एकच होता.

तीन हिवाळे बरे गेले. बरे म्हणजे, आता आठवलं की वाटतं, गीझर आम्हाला सांगत होता आणि आम्ही ऐकत नव्हतो. दुसऱ्या वर्षीच त्यातून तडतड आवाज यायला लागला, कढईत शेंगदाणे भाजताना येतो तसला. आमच्या घरात चटणीसाठी दर आठवड्याला दाणे भाजले जातात, त्यामुळे त्या आवाजाचं कुणाला काही वाटलं नसावं! मग दोन बादल्या कढत पाणी निघायचं त्याची दीड बादली झाली. लाल दिवा लवकर विझायचा आणि पाणी कोमटच. मी बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. ती माझी चूक होती, कारण पाणी जितकं जास्त तापवावं तितका चुना जास्त सुटतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

यंदाच्या नव्हे, २०२५ च्या जानेवारीत, जत्रेतल्या यण्णीमज्जनाच्या दिवशी पहाटे घरातली लाइट गेली. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा त्याच दिवशी असते. माझा मुलगा दरवर्षी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत जातो, बाराबंदी रात्रीच इस्त्री करून खुंटीला लावलेली, आणि साहेब अंधारात थंड पाण्याच्या बादलीसमोर उभे. ईएलसीबी, म्हणजे वीज कुठं झिरपली की लाइन तोडणारा स्विच, परत वर केला की पुन्हा खाली पडायचा. टॉर्च मारून बघितलं तर गीझरच्या बुडातून थेंब थेंब गळत होतं, खालच्या पांढऱ्या टाइलवर विटकरी रंगाचा ओघळ आलेला. टाकी गेली होती. तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते, टाकीची वॉरंटी पाच वर्षांची. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, टाकीच गेली ते बरं झालं.

टोल फ्री नंबर, तक्रार क्रमांक, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे", यावर मी वेळ घालवत नाही. सगळ्यांनी ते ऐकलेलं आहे. चौथ्या दिवशी तुमचा सर्व्हिसवाला मुलगा आला. मुलगा चांगला होता, चपला बाहेर काढून आत आला, सासूबाईंना नमस्कार केला. गीझरचं झाकण त्यानं उघडलंच नाही. बादलीत नळाचं पाणी घेतलं, खिशातून पेनासारखा मीटर काढून बुडवला, आकडा आला ११४०. त्याचा फोटो काढला, मोबाइलवर चढवला आणि तक्रार बंद झाली. शेरा: 'हार्ड वॉटर, वॉरंटी लागू नाही.' मी विचारलं, "बाळा, टाकी तरी बघ." तो म्हणाला, "मॅडम, आकडा टाकल्याशिवाय अॅप पुढं जात नाही, आणि हा आकडा टाकला की पुढचा पर्याय एकच येतो. माझ्या हातात काही नाही. सोलापुरात बहुतेक ठिकाणी हेच येतं."

हे शेवटचं वाक्य कृपा करून पुन्हा वाचा. ते तुमच्या माणसाचं आहे.

आता त्या मीटरबद्दल. तो टीडीएस मोजतो, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून. कठीणपणा ही वेगळी गोष्ट. तो फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा असतो, आणि तो नीट मोजायचा तर प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून थेंब थेंब रसायन सोडून मोजतात. बादलीभर पाण्यात चमचाभर मीठ टाका, तुमच्या पेनाचा आकडा टुणकन वर जाईल, पण मिठानं काही चुना धरत नाही. तुमच्या पुस्तिकेत अट आहे कठीणपणाची आणि तुम्ही मोजलात टीडीएस. माझी उंची मोजून मला ताप आहे असं सांगण्यासारखं हे झालं.

मी बँकेतली. बत्तीस वर्षं काउंटरवर बसून लोकांना "सही करण्याआधी वाचा" म्हणत आले. तर त्या रात्री पहिल्यांदा पुस्तिका वाचली. अकराव्या पानावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात दोन अटी सापडल्या. पाण्याचा कठीणपणा २०० पीपीएमच्या वर असल्यास टाकीची वॉरंटी नाही. आणि टाकीतला मॅग्नेशियम अॅनोड दर वर्षी अधिकृत माणसाकडून तपासून घ्यावा, खर्च ग्राहकाचा. मराठी पान एकही नाही. मग मी पाण्याच्या प्रयोगशाळेत बाटली नेऊन दिली. रीतसर तपासणी, कठीणपणा: बोअरचं ६९०, गच्चीवरच्या टाकीतलं मिसळलेलं ४३०.

म्हणजे तुमचा आकडा चुकीच्या पद्धतीनं काढलेला असला तरी निष्कर्ष बरोबर होता. हे मी लपवत नाही, पुढं कुठं वाद झाला तर तुमचा वकील काढणारच. माझं पाणी २०० च्या वर आहे. पण ते आजच वर गेलेलं नाही. धनत्रयोदशीलाही ते वरच होतं. म्हणजे पाच वर्षांची जी वॉरंटी तुम्ही मला विकलीत, ती दुकानाच्या पायऱ्या उतरण्याआधीच संपलेली होती. तुम्हाला ते माहीत असण्याची शक्यता होती, मला मुळीच नव्हती, आणि पैसे दोघांच्या संमतीनं माझ्या खात्यातून तुमच्या खात्यात गेले.

तुम्हाला माहीत नसेल तर सोलापूरचं पाणी थोडक्यात सांगते. उजनी धरणातून शंभरएक किलोमीटर पाइपातून ते येतं. रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी, कधी त्याहून उशिरा. त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं, कळशी, पिंप भरून घ्यायचं. मधल्या दिवसांत वापराला बोअर. खाली काळा पाषाण, पाणी खोल, आणि त्यातून येताना ते दगडातला चुना घेऊन येतं. आमच्या शॉवरची भोकं दर दोन महिन्यांनी टाचणीनं उघडावी लागतात. प्लास्टिकच्या मगाला आतून पांढरी रेघ असते. डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही, म्हणून वरणासाठी नळाचं पाणी वेगळं ठेवायचं हे इथल्या नव्या सुनेलाही सांगावं लागत नाही. गल्लीतल्या एकाचा सोलर आहे, त्याच्याही नळ्यांत पांढरं पीठ साचतं. हे गुपित नाही. या गावात गीझर विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल तर तो परगावी राहून गीझर विकत असला पाहिजे.

आणखी एक आकडा देते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, त्यात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलेलं आहे. मिलिग्रॅम आणि तुमचं पीपीएम एकच. म्हणजे नाइलाजानं का होईना, माणसाच्या पोटाला ६०० सोसतं असं सरकार धरतं, आणि तुमच्या काचेचा मुलामा दिलेल्या पोलादी टाकीला २०० च्या पुढं सोसत नाही. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग टाकीलाच बिसलेरी पाजायची."

तक्रार फेटाळल्यावर मी आमच्या वायरमन अण्णांना बोलावलं. एका ओळखीच्या वकिलीणबाईंनी नंतर मला झापलं की वाद चालू असताना उघडायला नको होता, ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. बरोबर आहे. पण मला बघायचंच होतं. अण्णांनी गीझर उतरवून गच्चीवर उलटा ठेवला, फ्लँजचे नट सोडले, बरोबरच्या पोराला म्हणाले, "धर बे नीट," आणि ओढला. हीटिंग एलिमेंट बाहेर आलं ते मला ओळखूच आलं नाही. त्यावर अंगठ्याएवढा जाड, फुगलेला, पिवळट पांढरा थर, एकावर एक पापुद्रे, खमंग तळलेल्या भज्यासारखा. तळातून चुन्याच्या खपल्या ओतल्या तर परातभर निघाल्या. मी स्वयंपाकघरातला काटा वर आणून तोलल्या: एक किलो आठशे ग्रॅम. दीड बादलीचं कोडं तिथं सुटलं.

मग अण्णांनी एक तार माझ्या हातात दिली. सायकलच्या स्पोकसारखी, गंजलेली. "हे काय?" "अक्का, हाच तुमचा अॅनोड. ही मधली तार उरली, वरचं सगळं खाल्लं पाण्यानं." मग त्यांनी जे समजावलं ते तुमच्या एकाही जाहिरातीत मी ऐकलेलं नाही. मॅग्नेशियमचा तो दांडा टाकीत कशाला घालतात, तर गंज पोलादाला लागण्याआधी त्यानं स्वतः गंजावं म्हणून. मुलाम्याला कुठंतरी बारीक चीर असतेच. दांडा आहे तोवर तो झिजतो आणि टाकी वाचते. दांडा संपला की टाकीची पाळी. तो बदलायला अर्धा तास लागतो, दांड्याची किंमत काही शे रुपये. अण्णा म्हणाले, इथल्या पाण्याला वर्षा-दीड वर्षात बघायलाच पाहिजे.

तीन वर्षांत तुमच्याकडून माझ्या मोबाइलवर दिवाळीच्या शुभेच्छा आल्या, एक्स्चेंज ऑफर आल्या, माझ्या वाढदिवसाला केकचं चित्र आलं. माझा नंबर, माझा पत्ता, खरेदीची तारीख सगळं तुमच्याकडे आहे. "अॅनोड तपासायची वेळ झाली" एवढे चार शब्द कधी आले नाहीत. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात मला राग कशाचा आला असेल तर याचा. चुन्याचा नाही.

माझी भाची लंडनजवळ राहते. तिकडे घराघरात गॅसचा बॉयलर असतो, तोच नळाचं पाणी तापवतो आणि तोच खोल्याखोल्यांतले रेडिएटर गरम ठेवतो. बंद पडला की हिवाळ्यात घरात बसवत नाही. तिचा पडला, दहा वर्षांची वॉरंटी होती, आणि कंपनीनं पहिल्याच फोनला वार्षिक सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या. म्हणजे अटी तिकडेही आहेत आणि कंपन्या तिकडेही काही दानशूर नाहीत. एका वर्षीची नोंद सापडेना म्हणून ती आठवडाभर कोट घालून स्वयंपाक करत होती. पण बॉयलर बसवला त्या दिवशी बसवणाऱ्यानं एक तक्ता भरून सही करून दिला होता, त्यात पाण्याबद्दलचा रकाना होता. तिकडच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की पाण्याचा कठीणपणा २०० च्या वर असेल तर चुना धरू नये याची सोय करावी. आकडा तोच, २००. तिकडे तो बसवतानाच पुढं येतो, माझ्याकडे टाकी फुटल्यावर आला.

गीझर गच्चीवर उलटा पडलेला असताना आमच्याकडे अंघोळी कशा झाल्या, हेही सांगते. माळ्यावरून तांब्याचा बंब खाली काढला. सासूबाईंच्या लग्नातला. चिंच लावून घासला, मधल्या नळीत कोळसे आणि करवंट्या टाकल्या, वीस मिनिटांत पाणी कढत. धुरानं माझे डोळे गेले आणि न्हाणीघराचं छत काळं झालं, तेव्हा जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही. पण चुना बंबालाही धरायचा, पाणी तेच होतं. सासूबाई दर दिवाळीआधी झाकण काढून, आत हात घालून तो खरवडायच्या. झाकण निघत होतं, एवढाच काय तो फरक. तुमचा गीझर मी उघडला तर वॉरंटी जाते, न उघडला तर टाकी जाते.

तुमचं उत्तर आलंय, ते नमूद करते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर आठवड्यानं ईमेल आली: अटींनुसार वॉरंटी लागू नाही, तथापि सद्भावना म्हणून नव्या गीझरवर वीस टक्के सूट. त्याच मॉडेलवर! त्याच टाकीवर, त्याच २०० च्या अटीसकट. मी विचारलं, कठीण पाण्यासाठी दुसरं मॉडेल आहे का? "दुकानात चौकशी करावी." दुकानात गेले. होतं. दीड हजारानं महाग, जाड दांड्याचं, मागच्या रांगेत. मुलगा तोच होता. "तुम्ही विचारलं असतं तर दाखवलं असतं मॅडम." मी काय विचारणार होते, हे त्यालाही सांगता आलं नाही.

तर माझं मागणं. दुकानात गीझर दाखवण्याआधी पाण्याचं विचारा: नळाचं, बोअरचं का दोन्ही. विचारलंत हे बिलावर लिहा, आणि त्याखाली तुमची मर्यादा मराठीत, बिलावरच्या बाकी मजकुराएवढ्याच अक्षरात लिहा. गिऱ्हाईक बोअरवालं असेल तर त्याला पाच वर्षं सांगू नका, जे खरं असेल ते सांगा. दोन सांगा, एक सांगा, त्यानं ठरवावं. दांड्याची किंमत बसवण्याच्या दिवशीच सांगा आणि वर्षानं एक मेसेज पाठवा, केकच्या चित्राऐवजी चालेल. आणि वॉरंटी नाकारायचीच असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून नाकारा आणि तो अहवाल माणसाच्या हातात द्या. मुलाच्या खिशातल्या पेनावर नको. यात तुम्हाला टाकी बदलायचा खर्चसुद्धा नाही. काही गिऱ्हाइकं कमी होतील, हे मान्य.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या कायद्यानं आता मी राहते तिथंच तक्रार करता येते, तुमच्या हेड ऑफिसच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ९,८०० रुपयांसाठी निवृत्त बाईनं एवढं कशाला करावं, असं घरातही विचारतात. मला वेळ आहे, आणि फायली लावायची सवय आहे. बिल, तुमच्या माणसाचा शेरा, प्रयोगशाळेचा अहवाल, वीस टक्क्यांची ईमेल असं सगळं क्रमानं लावून ठेवलंय. खपल्या बरणीत भरल्यात. बरणी चटणीची होती, म्हणून वर चिठ्ठी डकवावी लागली, नाहीतर कुणीतरी भाकरीवर घेतली असती.

त्याआधी तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या. चपला बाहेर काढणारा तोच मुलगा आला तरी चालेल, त्याचा काही दोष नाही. फक्त दोनदा या. एकदा नळाला पाणी येतं त्या दिवशी, आणि एकदा त्यानंतर चौथ्या दिवशी. मीटर आणा. दोन्ही दिवशीचं पाणी वेगवेगळ्या बादल्यांत काढून ठेवते.

आपली,
एक ग्राहक
विजापूर रोड, सोलापूर